जानरावची तीन सेलची बॅटरी

जानराव मेश्रामचा डावा हात कोपरापासून बाहेरच्या बाजूला वळलेला होता. भिलाईत त्याला नव्याने भेटणारा माणूस समजायचा, कारखान्याच्या बांधकामात याच्यावर काहीतरी पडलं असणार. समजणाऱ्याची चूक नव्हती. त्या दोन-तीन वर्षांत तिथे कोणाच्या ना कोणाच्या अंगावर रोज काही ना काही पडतच होतं, आणि जो वाचला तो दुसऱ्या दिवशी त्याच जागी कामाला उभा राहत होता. पण जानरावचा हात कारखान्याने मोडला नव्हता. तो मोडला गावाने, आणि तोही त्याच्याच घरातल्या काठीने. त्या काठीची गोष्ट आधी सांगायला हवी. ती ठाऊक नसली तर पुढे एका बॅटरीपायी या माणसाने केलेला खटाटोप म्हणजे निव्वळ खुळेपणा वाटेल.

गाव तुमसरच्या अलीकडचं, वैनगंगेच्या काठचं. गावाची राखण जानरावच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. राखणीची खूण म्हणजे घुंगरं लावलेली एक काठी. ती आजाच्या हातून बापाकडे आणि बापाच्या हातून जानरावकडे आली. काठी हातात घेतली की माणूस स्वतःचा उरत नसे. कोणीही हाक मारावी, कोणीही दहा कोस निरोप घेऊन पिटाळावं, मेलेलं जनावर ओढायला लावावं. घुंगरं वाजली की गावाला कळायचं, आपला राखणदार आला; पण वाटेतून बाजूला व्हायचं ते राखणदाराने. छप्पन साली दसऱ्याला जानराव पांढरे कपडे घालून नागपूरला गेला, लाखो माणसांत उभा राहून दीक्षा घेतली आणि घरी परतला. परतल्यावर तिसऱ्या दिवशी तो पाटलाच्या ओट्यापाशी गेला. काठी ओट्यावर आडवी ठेवली आणि म्हणाला, "ही तुमची काठी. ठेवा."

झालं! एवढ्या चार शब्दांवर गाव पेटलं. ओट्याची पायरी उतरायच्या आत पहिला तडाखा कोपरावर बसला. जानराव तोंडावर पडला. मग सात-आठ जण तुटून पडले. ज्या काठीने मारत होते ती तीच होती, कारण प्रत्येक तडाख्याबरोबर घुंगरं वाजत होती. बायको ठकूबाई धावत आली आणि नवऱ्याच्या अंगावर पालथी पडली, तेव्हा चार तडाखे तिच्या पाठीवरही बसले. मारणारे दमले तेव्हा थांबले. दया आली म्हणून थांबले असं नाही. पुढे पोलीस पाटलाने विचारलं, "कोणी मारलं, नावं सांग." जानरावला एकही नाव सांगता आलं नाही. पालथ्या पडलेल्या माणसाला तोंडं दिसत नाहीत. त्याला मान तिरपी करून एवढंच दिसलं होतं, की एक काठी वर जाते आणि खाली येते.

हाड जसं जुळलं तसं जुळलं. थंडी सरताना नवरा-बायको भिलाईला आले. जानरावने गाव सोडताना नदीकडे तोंड करून सांगितलं, यापुढे काठी म्हणून हातात धरणार नाही. ठकूबाई म्हणाली, "नोका धरू. आधी जेवा."

भिलाईत सव्वा वर्ष त्याने घमेली वाहिली. वाकड्या हाताने घमेलं डोक्यावर नीट तोलत नाही, म्हणून मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या. मग शेजारच्या झोपडीतल्या चंपत रामटेकेने त्याला चौकीदारीत चिकटवलं. चंपत त्याच्याच वयाचा, गोंदियाकडचा. दीक्षेच्या दिवशी दोघं एकाच मैदानात होते, पण ओळख मात्र खुर्सीपार वस्तीतल्या नळावर, बादलीवरून भांडताना झाली. आधी भांडण आणि मग मैत्री, असली मैत्री सहसा तुटत नाही.

चौकीदारी होती एका भुयाराची. एका मोठ्या भट्टीपासून दुसऱ्या शेडपर्यंत जमिनीखालून काँक्रीटचं भुयार काढलं होतं आणि त्यात हाताच्या मनगटाएवढ्या जाड केबली अंथरल्या होत्या. केबलीच्या पोटात तांबं. वीज अजून सुरू व्हायची होती, त्यामुळे केबली मुक्या आणि भुयार आंधळं. वर मे महिन्याचं ऊन रटरटत असे आणि चाळीस पायऱ्या उतरलं की खाली भरदुपारी अमावस्या. तांब्याला चटावलेली टोळी याच वेळी आत शिरायची, दुपारी, कारण वर खांब ठोकणारं यंत्र धडाधड चालू असलं की खाली करवतीचा आवाज कोणाला ऐकू जात नसे. जानरावच्या आधी मारोतराव नावाचा म्हातारा चौकीदार होता. तो एके दिवशी आत दगडाने ठेचलेला सापडला. जगला, पण त्याची वाचा गेली. बायको भात भरवायची तेव्हा तो तिच्या हाताकडे बघून दचकायचा.

चौकीदारांचा जमादार दौलतराव हा पलटणीतून आलेला गडी. मिशा तेल लावून पिळलेल्या आणि बोलणं कायम परेडच्या आवाजात. त्याने जानरावपुढे लोखंडी टोपी बसवलेली लाठी धरली.

"घे."

"काठी नाई घेत मी, साहेब."

"काऊन बे? नवरदेव हायेस काय?"

"बॅटरी घेईन. मोठी. माह्या पैशानं घेईन."

बाकीचे चौकीदार खो खो हसले. दौलतराव हसला नाही. पलटणीतल्या माणसाला नकार ऐकायची सवय नसते. "चोराले काय उजेड दाखवून ओवाळणार हायेस? बरं. एक महिना देतो तुले. या महिन्यात तुह्या बाजूनं हातभर केबल गेली तर एक तं लाठी घ्यायची, नाई तं घरचा रस्ता धरायचा. कबूल?"

"कबूल," जानराव म्हणाला.

चंपतला स्वतःला लाठीचं काही वाटत नव्हतं. "माही लाठी सरकारी हाय. पाटलाची नाई," तो म्हणायचा. भुयाराचं पश्चिमेचं तोंड त्याच्याकडे, पूर्वेचं जानरावकडे. चंपतजवळ लाठी आणि एक कंदील. दोघांची पहाऱ्याची रीत चंपतने शिकवली. वर यंत्र धडधडत असताना कानाचा उपयोग नाही. तेव्हा केबलीवर तळहात ठेवायचा. कुठेही करवत लागली तर केबल बारीक थरथरते. तळहाताला मुंग्या आल्यासारखं झालं, की समजायचं, आत कोणीतरी कापतंय.

बॅटरी घ्यायला जानराव दुर्गला गेला. भिलाईत दुकानं होती, पण मोठी वस्तू घ्यायची म्हणजे दुर्गच्या जुन्या बाजारात जायचं, हा तेव्हाचा शिरस्ता. हिरालाल बिसेनचं दुकान अरुंद आणि खोल, मागे गोदाम, आणि गोदामात दिवसाही काही दिसत नसे. हिरालाल बालाघाटकडचा, बोलघेवडा. एकदा गिऱ्हाइक स्टुलावर बसलं की त्याला शहाणं करून सोडल्याशिवाय उठू देत नसे.

"ही दोन सेलची, पत्र्याची," त्याने एक हलकी बॅटरी पुढे सरकवली. "परसाकडे जायले, विंचू पायाले मस्त. ही पाच सेलची. उजेड पार शिवनाथ नदीच्या पुलावर जाईल. पण बावा, पाच सेल म्हणजे पाच पोरांचा संसार. एक उपाशी राहिला तं सारे रडतात."

जानरावने मधली उचलली. पितळेची, वरून चकचकीत मुलामा दिलेली, तीन सेलची. पुढचं डोकं फिरवलं की उजेड पसरायचा, उलटं फिरवलं की एका जागी गोळा व्हायचा. गोदामाच्या अंधारात त्याने तो गोळा फेकला, तर पार मागच्या भिंतीवरची पाल टिपली. पण जानराव बॅटरी नुसती लावून बघत नव्हता. तो ती उजव्या मुठीत धरून हळूच वर-खाली करत होता.

हिरालालच्या ते नजरेत आलं. "उजेड पायता का वजन?"

"दोन्ही," जानराव म्हणाला.

इथे जानरावने स्वतःलाच फसवलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. काठी नको म्हणणारा माणूस बॅटरीचं वजन कशाला जोखेल? पण हात मोडलेल्या माणसाला मोकळ्या मुठीची भीती वाटते, आणि भीतीला माणूस नेहमी दुसरंच काहीतरी नाव देतो.

मग सेलची शाळा सुरू झाली. "सेल दोन जातीचे," हिरालाल म्हणाला. "हा कागदाच्या अंगरख्याचा. सस्ता हाय, पण घाम फुटला की फुगते. हा पत्र्याच्या अंगरख्याचा. मरन पण पाणी नाई सोडणार. बुडावर तारीख पायजो. तीनही सेल एकाच वेळी टाकायचे. नवा-जुना एका नळीत झोपवायचा नाई, जुना नव्याले खाते. काम झालं की काढून ठेवायचे. आन्‌ एक ध्यानात ठेव, उन्हात वाळवायचे नाई. लोक सांगतात, उन्हात ठेवलं की सेल जित्ता होते. होते, दोन दिवस. मरनारा म्हातारा बी एकदा उठून बसतेच ना! तिसऱ्या दिवशी असा फुगते, की नळीतून बाप आला तरी निघत नाई."

जानरावने रोजच्यासाठी तीन कागदी सेल घेतले आणि तीन पत्र्याचे. घरी आल्यावर पत्र्याचे तीनही त्याने ट्रंकेत ठेवले, दीक्षेच्या पांढऱ्या कपड्यांच्या घडीत. ठकूबाईने विचारलं, "हे कायले?"

"खरी वेळ येईन तेव्हासाठी."

ज्या घरात कधी दोन वस्तू एकदम आल्या नाहीत तिथे चांगली वस्तू वापरायची नसते, जपायची असते. नवं लुगडं सणाला, नवी थाळी पाहुण्याला, तसे चांगले सेल खऱ्या वेळेला. ठकूबाईला ते लगेच पटलं. मलाही पटलं असतं.

पहिल्याच आठवड्यात बॅटरीने आपली किंमत वसूल केली. तळहाताला मुंग्या आल्या, जानराव पायऱ्या उतरला, डोकं फिरवून उजेड गोळा केला आणि तीस पावलांवरून एकाच्या थेट डोळ्यांत मारला. अंधाराला सरावलेले डोळे ते. माणूस आंधळा होऊन भिंतीवर आपटला, नाक फुटलं, करवत टाकून रांगत पळाला. जानरावने बोटही लावलं नव्हतं. करवत जमादाराच्या टेबलावर ठेवताना तो हसत होता. चंपतने संध्याकाळी झोपडीसमोर तीच बॅटरी स्वतःच्या तोंडावर मारून नकला केल्या, तेव्हा ठकूबाई पदर तोंडाला लावून हसली. गाव सोडल्यापासून ती अशी हसली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात सेल उतरले. उजेड पांढऱ्याचा पिवळा झाला. महिना भरायला नऊ दिवस राहिले होते. जानराव ट्रंकेपाशी गेला, कडीला हात लावला आणि परत आला. "नऊ दिवस काढतील हे," तो म्हणाला. ठकूबाईने सकाळीच पत्र्यावर कणकेचे सरगुंडे वाळत घातले होते. तिने नळीतून तिन्ही सेल काढले आणि त्यांच्या शेजारी मांडले. आख्ख्या खुर्सीपारात बायका हेच करत होत्या. ओली आगपेटी, दमट मीठ, उतरलेला सेल, सगळ्याला औषध एकच, ऊन. जानरावला हिरालालचं बोलणं आठवलं. पण पाळीवर निघताना बॅटरी लावली तर उजेड खरंच वधारला होता. "पाय," ठकूबाई म्हणाली, "दुकानदाराले काय, त्याले नवे विकाचे असतात." दुसऱ्या दिवशीही तिने सेल उन्हात ठेवले. तिसऱ्या दिवशी ते नळीत घालताना घट्ट गेले. जानरावने अंगठ्याने दाबून बसवले आणि झाकण फिरवलं.

त्याच दिवशी दुपारी तळहाताला मुंग्या आल्या.

वर यंत्र खांबावर आदळत होतं. प्रत्येक ठोक्याला भुयाराच्या छतातून माती गळत होती. जानराव साठ पावलं आत गेला तोवर उजेड बरा होता. मग तो पिवळा झाला आणि पाहता पाहता विस्तवासारखा लाल. जानरावने बॅटरी मांडीवर आपटली, डोकं फिरवलं, काही नाही. सेल फुगून नळीत गच्च बसले होते. परत फिरायला हवं होतं. पण परत फिरायचं म्हणजे केबल जायची, आणि केबल गेली की उद्या लाठी. तो पुढे गेला.

तिघे होते. पहिला वाकून कापत होता, त्याच्या पाठीवरच जानराव धडकला. त्याने गर्रकन वळून करवत जानरावच्या बरगड्यांवर ओढली. सदरा फाटला, कातडी फाटली. जानरावने बॅटरी उलटी धरली आणि पितळेचं बूड त्याच्या जबड्यावर हाणलं. दात तुटल्याचं हाताला कळलं. दुसऱ्याने मागून गळा आवळला. जानरावने वाकडं कोपर त्याच्या पोटात घातलं, मोडलेलं हाड पुन्हा कळवळलं, तरी घातलं. आणि तो सुटताच त्याच्या गुडघ्यावर, मग खांद्यावर, मग जिथे लागेल तिथे बॅटरी हाणत सुटला. तिसरा पश्चिमेकडे पळाला. जानरावच्या तोंडात रक्ताची चव होती. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. वैनगंगेच्या काठावर खाल्लेला मार तो परत करत होता, सव्याज करत होता.

तेवढ्यात पश्चिमेकडून कोणीतरी धावत आलं. बॅटरीत आता उरला होता विझत्या बिडीएवढा उजेड. त्या उजेडात जानरावला माणूस दिसला नाही. दिसली ती काठी. वर गेलेली.

त्याने विचार केला नाही. काठी खाली यायच्या आत त्याने अंगात होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून बॅटरी फिरवली. घाव तोंडावर बसला. माणूस कोसळला. पडता पडता तो काही ओरडलाही, पण वर यंत्राचा ठोका पडला. जानरावने दुसरा घाव घातला. तिसऱ्यासाठी हात उचलला आणि बॅटरी पूर्ण विझली.

गलका झाल्यावर मजूर गॅसबत्ती घेऊन आत आले. त्या पांढऱ्या उजेडात दोन चोर विव्हळत पडलेले दिसले आणि त्यांच्या पलीकडे चंपत. लाठी अजून त्याच्या मुठीत होती. पळणाऱ्या चोराने त्याचा कंदील फोडला होता, आणि अंधारात मित्राच्या मदतीला तो लाठी उगारून धावत आला होता. त्याच्या उजव्या डोळ्याच्या जागी डोळा राहिला नव्हता.

जानराव त्याच्याजवळ बसला आणि गुरासारखा ओरडला. लोकांना वाटलं, मित्राची दशा बघून ओरडतोय. ते खरंच होतं, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं त्याने चार दिवस कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, की चंपतला चोरांनी मारलं. जमादाराने तसा रिपोर्ट लिहून वर पाठवला. लोक जानरावला बघून "जय भीम, पैलवान" म्हणू लागले. तो जेवेना. ठकूबाई म्हणाली, "माह्यामुळं झालं. मीच ठेवले उन्हात."

"सेल तू ठेवले. चांगले ट्रंकेत म्या ठेवले. आन्‌ हाणलं बी मीच," जानराव म्हणाला.

तिने कपाळाला हात लावला नाही की रडली नाही. भाकर तव्यावर तशीच जळू दिली आणि म्हणाली, "मंग इथं काय बसून राहिले? जा. त्याले सांगा."

दवाखान्यात चंपत उशीला टेकून बसला होता, अर्धं तोंड पट्टीत. "ये जानराव," तो म्हणाला, "बस."

जानराव उभाच राहिला. "चंपत, तुले चोरानं नाई मारलं. मी मारलं."

चंपतने खुणेने त्याला जवळ बोलावलं. जानराव वाकला. चंपतने उरलंसुरलं बळ गोळा करून त्याच्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला. बाजूच्या खाटेवरचा रोगी उठून बसला. चंपतने पुन्हा मारली, आणि तिसरी मारायला गेला तेव्हा स्वतःच कळवळून उशीवर पडला. जानरावने तोंड बाजूला केलं नव्हतं.

"मले मालूम होतं," चंपत धापा टाकत म्हणाला. "पयल्या दिवसापासून. मी तुह्या नावानं बोंबलून राहिलो होतो बे, जाना, मी हाय, जाना, मी हाय. पायत होतो, तू कधी सांगतं."

"मले काठी दिसली, चंपत. तोंड नाई दिसलं."

"दिसाले पायजे होतं," चंपत म्हणाला आणि चांगला डोळा मिटून घेतला.

महिना भरला त्या सकाळी दौलतरावने सगळ्या चौकीदारांना ओळीत उभं केलं. जानरावची बॅटरी टेबलावर होती. डोकं चेपलेलं, काच फुटलेली, मुलाम्यावर काळे डाग. नळीत फुगलेले सेल अजून तसेच होते. कारखान्यातल्या फिटरलाही निघाले नव्हते. दौलतरावने ती उचलली, मुठीत तोलली आणि पहिल्यांदाच हसला.

"हातभर केबल नाई गेली. शाबास! आन्‌ मी म्हनत होतो, हा बिनकाठीचा काय करते. अरे, काठी हो तं अशी! पेटत नाई तं नाई, डोकं तं फोडते. घे, तुही काठी."

सगळे हसले. जानराव पुढे आला. त्याने बॅटरी घेतली, दोन्ही हातांनी टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाला, "ही तुमची काठी. ठेवा."

हेच शब्द तो एकदा ताठ मानेने बोलला होता. या वेळी मान वर झाली नाही. तसंच खाली बघत त्याने सांगितलं, "चंपतले मी मारलं, साहेब. याच्यानंच मारलं. रिपोर्ट बदला."

दौलतरावची थप्पड एवढी जोरात बसली, की फाटलेला ओठ पुन्हा उघडला. ती थप्पड चंपतसाठी नव्हती. वर गेलेला रिपोर्ट खोटा ठरवणाऱ्यासाठी होती. "रिपोर्ट बदलत नाई," तो दात आवळून म्हणाला. "तू तोंड बंद ठेवशील आन्‌ उद्या भुयारात जाशील. काय घेऊन जाशील?"

"बॅटरी."

"ते तं मेली."

"दुसरी आनतो."

त्या दुपारी जानराव दुर्गला गेला. ट्रंकेतले तीन पत्र्याचे सेल त्याने पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात घेतले होते. हिरालालने फुटलेला ओठ पाहिला, पण चौकशी केली नाही. त्याने सवयीने तीन सेलची पितळेची बॅटरी पुढे ठेवली. जानरावने तिला हात लावला नाही.

"ते पत्र्याची द्या. दोन सेलची."

"विंचवाची?" हिरालाल हसला. "तिच्यानं तं उंदीर बी मरणार नाई, बावा."

"मनूनच पायजे."

हिरालालने सेल हातात घेऊन उलटे केले, बुडावरची तारीख वाचली, पत्रा बोटाने चाचपला. "हे तं माह्याच दुकानातले. कोरे हायेत. एकदा बी लावले नाई?" मग काहीसं कुतूहलानेच त्याने विचारलं, "कायले जपून ठेवले होते?"

जानराव तिथेच, गिऱ्हाइकांच्या देखत, हुंदके देत रडला. हिरालाल भला माणूस; त्याने पाण्याचा गडवा पुढे केला.

डोळे पुसून जानरावने दोन सेल नळीत घातले. मग दाराची आडकाठी उचलून हिरालालच्या हातात दिली.

"शेट, एक काम करा. हे घेऊन मांगं गोदामात जा. पार भिंतीपाशी."

"हे कायले?"

"जा ना तुमी. आन्‌ हे अशी वर धरा, मारल्यावानी. मंग माह्याकडे या."

हिरालालने वेड्याकडे बघावं तसं पाहिलं, पण गेला. अंधारात शिरला, भिंतीपर्यंत गेला, काठी उगारली आणि वळून चालत आला. जानरावने बटण पुढे सरकवलं. बॅटरी लहान होती, उजेड फार लांब जाणारा नव्हता, पण कोऱ्या सेलचा होता, पांढराशुभ्र. तो हिरालालच्या छातीवर पडला आणि जानरावने तो वर सरकवला. घामेजलेलं कपाळ दिसलं, मिचमिचणारे डोळे दिसले, पान खाऊन रंगलेले ओठ दिसले. काठी त्याच्या नंतर दिसली.

"झालं का?" हिरालालने विचारलं.

"झालं," जानराव म्हणाला. "तोंड आधी दिसते. हेच द्या."